तोंडामागे एक खवला

बाळांनो, मांडी घालून नीट बसा. एका जंगलाला समुद्र लागून होता. इतका लागून, की भरतीला शेवटच्या झाडांचे पाय भिजत आणि ओहोटीला खेकडे जंगलात फेरी मारून जात.

ओहोटी लागली की पाण्याखालचा खडक उघडा पडायचा. त्या खडकावर प्रवाळ होतं. चांगलं ढीगभर होतं. तपकिरी, मातकट, कुठे कुठे शेवाळी रंगाचं. त्याला शेकडो बारीक तोंडं होती आणि ती तोंडं पाण्यात उघडमीट करत आपापलं खात-पीत होती. जंगलातल्या कुणीही त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यामुळे ते अगदी सुखात होतं.

या जंगलात दाजीबा नावाचं एक खवले मांजर राहत होतं. आपण त्यांना अहोजाहो करू, कारण ते वयाने मोठे आहेत.

खवले मांजर तुम्ही पाहिलं नसेल. पाहिलं असतं तर तुम्हीही त्याला त्रास दिला असता. दाजीबांच्या अंगावर डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत खवले होते. टणक, जाड, कौलांसारखे एकावर एक रचलेले. तोंडात दात एकही नव्हता. पळण्याचा वेग विचारूच नका. संकट आलं की ते पोटात डोकं खुपसून अंगाचं वेटोळं करत. मग बिबट्या येई, घटकाभर पंजे मारी, नखं दुखवून घेई आणि शिव्या देत निघून जाई. देवाने दाजीबांना एवढी एकच सोय दिली होती, पण ती चांगली भक्कम दिली होती.

त्यांची बायको द्वारकाबाई. त्याही खवल्यांच्याच. दोघं मिळून वारुळं उकरत, लांब जिभेने वाळवी चाटत आणि दुपारी बिळात झोपा काढत. संसारात कशाची म्हणून कमी नव्हती. आणि बाळांनो, कशाचीच कमी नसली की मोठ्या माणसांना छंद लागतो.

तो कसा लागला, ते ऐका.

किनाऱ्यावरच्या एका गुहेत मोहनाबाई पाणमांजर राहायच्या. त्या आधी मासे विकत. पण माशांच्या धंद्यात एक अडचण असते. गिऱ्हाईक जरा विचार करतो म्हणालं, की त्याचा विचार होईपर्यंत माशाला वास येतो. मोहनाबाई असा माल शोधत होत्या, ज्याचा गिऱ्हाइकाने कितीही विचार केला तरी भाव वाढतच जाईल.

त्यांच्या गुहेच्या छताला एक भोक होतं. पावसाचं पाणी गळू नये म्हणून त्यांनी त्यात समुद्रातून वाहून आलेल्या निळ्या बाटलीची काच डिंकाने बसवली होती. त्यामुळे गुहेत दिवसभर निळा उजेड असायचा. एकदा त्यांनी सहज म्हणून खडकावरचा नखाएवढा तुकडा तोडून आणला आणि दगडी डोणीत, समुद्राच्या पाण्यात टाकला. वरून निळा उजेड पडला आणि तो मातकट तुकडा एकदम पेटल्यासारखा दिसायला लागला. कडेने हिरवा, मधे केशरी.

मोहनाबाई स्वतःच दचकल्या. मग त्यांच्या मनात आलं, समुद्रात जन्म घालवलेली मी दचकले, तर या जंगलातल्यांचं काय होईल?

दुसऱ्या दिवशी दाजीबा उन्हाचे गुहेच्या सावलीला आले.

"या दाजीबा, आत या. नुसतं बघायला काही पडत नाही," मोहनाबाई म्हणाल्या.

दाजीबा आत गेले आणि डोणीपाशी थबकले.

"हे काय आहे हो?"

"मेनकेची ओढणी," मोहनाबाईंनी आवाज खाली आणला. "तीन तोंडांची आहे. अख्ख्या किनाऱ्यावर एवढीच."

दाजीबांनी निरखून पाहिलं. "आपल्या खडकावर असतं, तसलंच वाटतंय."

मोहनाबाईंना राग आला नाही. त्यांनी दाजीबांकडे अशा नजरेने पाहिलं, की दाजीबांनाच ओशाळल्यासारखं झालं.

"खडकावरच्याला नाव आहे का?"

दाजीबांनी विचार केला. खडकावरच्याला नाव नव्हतं.

"त्याची आई कोण, आजी कोण, ठाऊक आहे कुणाला? हिची आई जुनी मेनका. तिची आई खोल पाण्यातली. हा बघा दाखला."

मोहनाबाईंनी पळसाचं एक पान पुढे केलं. त्यावर नखाचे ओरखडे होते. दाजीबांना वाचता येत नव्हतं आणि मोहनाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यामुळे दाखल्याबद्दल दोघांनाही शंका राहिली नाही.

"कितीला दिली?" दाजीबांनी विचारलं.

"मी वजनावर विकत नाही. तोंडावर विकते. तोंडामागे एक खवला."

"खवला?"

"मोरांकडून मी पीस घेते. साळिंदरअप्पांकडून काटे घेते. ज्याच्याकडे जे असेल ते. मी कुणाला अडवत नाही."

दाजीबांनी आपल्या अंगाकडे पाहिलं. त्यांनी आजवर खवले कधी मोजले नव्हते. आज पहिल्यांदाच त्यांना ते खूप वाटले. शेपटीच्या टोकाकडचे तीन दिले तर काय बिघडणार होतं? मोहनाबाईंनी दातात धरून हिसका दिला. एक, दोन, तीन. दाजीबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मोहनाबाई म्हणाल्या, "पहिल्या तुकड्याच्या वेळी सगळ्यांचंच मन भरून येतं."

दाजीबा करवंटीत मेनकेची ओढणी घेऊन घरी आले. बिळाच्या तोंडाशी त्यांनी डोण ठेवली, समुद्राचं पाणी ओतलं आणि द्वारकाबाईंना हाक मारली.

द्वारकाबाईंनी वाकून पाहिलं. उन्हात तो तुकडा मातकट दिसत होता.

"खडकावरनं उचलून आणलंत होय? मी रोज ओलांडून जाते त्याला."

"अगं, ही मेनकेची ओढणी आहे."

"आणि शेपटीला काय झालं तुमच्या?"

दाजीबांनी शेपूट अंगाखाली घेतली.

ते तडक मोहनाबाईंकडे गेले. मोहनाबाई म्हणाल्या, "ओढणीत खोट नाही, दाजीबा. खोट तुमच्या घरच्या उजेडात आहे." आणि त्यांनी त्यांना एक निळी काच दिली. काच दोन खवल्यांना पडली.

त्या दिवसापासून दाजीबांच्या बिळाच्या तोंडावर निळी काच लागली. आतलं सगळं निळं झालं. भिंती निळ्या, अंथरूण निळं, ताटातली वाळवी निळी. द्वारकाबाई म्हणाल्या, "मला जेवण जात नाही असल्या उजेडात." दाजीबांना मात्र जेवणाची आठवणच होत नसे. ते सकाळी उठून करवंटीने समुद्राचं पाणी आणत, जीभ लांब करून खारटपणा चाखत, थोडं गोडं पाणी घालत, पुन्हा चाखत आणि मग तासन् तास डोणीवर डोळे लावून बसत.

काही दिवसांनी त्यांना कळलं, की आपण एकटे नाही. जंगलात प्रवाळप्रेमी मंडळ स्थापन झालं होतं. मंडळ दर सोमवारी मोहनाबाईंच्या गुहेत भरायचं. कारण बाहेर सगळ्यांचे तुकडे मातकट दिसायचे.

मंडळात मोर होता. एके काळी तो नाचायचा. आता पिसारा विकून झाला होता, म्हणून तो व्याख्यानं द्यायचा. साळिंदरअप्पा होते. त्यांच्या पाठीवर काटे तुरळक राहिले होते आणि थंडीत ते अंग चोरून बसायचे. पण त्यांच्याकडे रावणाचं दहावं तोंड होतं, इंद्राची जांभई होती आणि दोन तोंडांची पेटलेली पैठणी होती. त्यामुळे मंडळात त्यांना फार मान होता.

दाजीबांनाही मान हवासा वाटू लागला. त्यांनीही इंद्राच्या जांभईचा एक तुकडा घेतला. तेव्हा तोंडाचा भाव दोन खवल्यांवर गेला होता. मग पैठणी घेतली, तेव्हा भाव तीन होता.

एकदा द्वारकाबाईंनी नवऱ्याची पाठ पाहिली आणि त्या मटकन खाली बसल्या.

"अहो, शेपूट उघडी पडली पार. आता पाठीला हात घातलात?"

"अगं, ही गुंतवणूक आहे," दाजीबा म्हणाले. हा शब्द त्यांनी मोराच्या व्याख्यानात ऐकला होता. "हे वाढतं. एका तोंडाची दहा तोंडं होतात. नऊ विकायची. नवाचे सत्तावीस खवले."

"मोहनाबाई आपले खवले परत देणार?"

"का नाही देणार?"

"आणि आले परत, तर अंगाला चिकटवणार कशाने?"

"त्यांच्याकडे डिंक आहे," दाजीबा म्हणाले.

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. पण नवऱ्यावर त्यांची माया होती. दाजीबा मनाचे वाईट नव्हते. त्यांना खरोखरच ते प्रवाळ आवडायचं. ते त्याच्याशी बोलायचे. रात्रभर उपाशी राहिलं असेल म्हणून सकाळी खडकातला जवळा वेचून आणायचे, त्याचा चुरा करायचे आणि प्रत्येक तोंडात थोडा थोडा सोडायचे. तोंडं मिटायची, उघडायची, आणखी मागायची. दाजीबांना फार बरं वाटायचं.

दोन महिन्यांत मेनकेची ओढणी फोफावली. तीन तोंडांची अकरा तोंडं झाली. गुबगुबीत झाली. दाजीबांनी मोठ्या हौसेने मंडळाला घरी बोलावलं.

मंडळ आलं. डोणीभोवती उभं राहिलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"काय झालं?" दाजीबांनी विचारलं.

साळिंदरअप्पांनी त्यांच्या खांद्यावर पंजा ठेवला. "धीर धरा दाजीबा. तपकिरी झालीय हो."

खरंच झाली होती. निळ्या काचेखालीसुद्धा ती तपकिरीच दिसत होती. डोळ्यांवर पंख फिरवून मोराने मान खाली घातली.

"खायला घालत होता का?" मोहनाबाईंनी विचारलं.

"रोज."

"अरेरे! मला विचारायचं तरी. पोट भरलं की हे मातकट पडतं. रंग हवा असेल तर उपाशी ठेवायचं. जितकं उपाशी, तितकं झळझळीत."

"आणि मग वाढणार कसं?"

"वाढलं की रंग जातो. रंग आला की वाढत नाही," मोहनाबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर ते दुर्मीळ आहे."

हे उत्तर दाजीबांना इतकं पटलं, की त्यांनी तिथल्या तिथे चार खवल्यांना आणखी एक तोंड घेतलं.

मंडळ गेल्यावर द्वारकाबाई डोणीपाशी आल्या. "म्हणजे पोट भरून सुखात असलं की त्याला कुणी विचारत नाही. आणि मरायला टेकलं की तुम्ही सगळे टाळ्या वाजवणार?"

"तुला छंदातलं काही कळत नाही," दाजीबा म्हणाले.

त्यांनी जवळा आणणं बंद केलं. पहिले काही दिवस तोंडं उघडून वाट बघत राहिली. दाजीबांना ते बघवत नसे, म्हणून ते दुसरीकडे बघत. मग हळूहळू तपकिरी रंग उतरला आणि आतून हिरवा, केशरी, गुलाबी उजळायला लागला. एका सोमवारी तर ओढणी अशी पेटली, की मंडळाने जागीच टाळ्यांचा कडकडाट केला. मोराने तिच्यावर अर्धा तास भाषण केलं. मोहनाबाईंनी स्वतःहून वीस खवले देऊ केले.

"आता कुठे भाव चढतोय. इतक्यात कशाला विकू?" दाजीबा म्हणाले.

मंगळवारी ओढणी पांढरी पडली. गुरुवारी डोणीत नुसता सांगाडा होता. दाजीबांना रडू आवरेना. द्वारकाबाईंनी त्यांना जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि जिथे हाताला उघडी कातडी लागली तिथे त्यांनी हात उचलला. "झालं ते झालं. आता तरी सोडा हे," त्या म्हणाल्या. दाजीबांनी डोळे पुसून मान हलवली. पुढच्या सोमवारी ते नवीन तुकडा घेऊन आले.

आता तुम्ही विचाराल, मोहनाबाई इतक्या खवल्यांचं करायच्या काय? मोहनाबाई हुशार होत्या. त्यांनी गुहेपुढे पडवी काढली आणि तिला खवल्यांची कौलं घातली. अंगणाला साळिंदराच्या काट्यांचं कुंपण केलं. दुपारी त्या पडवीत बसून मोरपिसांच्या पंख्याने वारा घेत. बिबट्या एकदा त्या कुंपणापर्यंत येऊन गेला. काट्याने नाक सोललं, तसा पुन्हा फिरकला नाही. मोहनाबाईंच्या डोणीत मात्र एकही प्रवाळ नव्हतं. त्या म्हणायच्या, "मला सांभाळायला वेळ कुठे असतो?"

पावसाळा सरला आणि एक वाईट गोष्ट घडली. साळिंदरअप्पा गेले.

ते सकाळी पाणी आणायला किनाऱ्यावर निघाले होते. वाटेत बिबट्या आडवा आला. अप्पांनी सवयीप्रमाणे त्याच्याकडे पाठ केली, अंग फुगवलं आणि काटे उभारले. म्हणजे उभारायला गेले. काटे अकराच होते. बिबट्याला सगळ्या जन्मात इतकं सोपं साळिंदर मिळालं नव्हतं.

मंडळाने शोकसभा घेतली. मोर बोलायला उभा राहिला. "अप्पांसारखा जाणकार पुन्हा होणे नाही," तो म्हणाला. "त्यांच्या डोणीतला एकेक तुकडा त्यांच्या त्यागाची साक्ष देतो." सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून स्तब्धता पाळली. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी हळूच विचारलं, "त्या डोणीचं काय करायचं ठरलं?"

मोहनाबाईंनी आधीच ठरवलं होतं. अप्पांच्या संग्रहाचा लिलाव होणार होता. आणि त्यात अप्सरेची उलटी होती.

बाळांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. मंडळातल्या कुणालाही ते घाण वाटलं नाही. हिरवा, पिवळा, जांभळा आणि गुलाबी असे सगळे रंग एकमेकांत कालवलेले एकच एक तोंड. अप्पांनी ते कुणाला दाखवलंही नव्हतं. आता मोहनाबाईंनी ते निळ्या उजेडात ठेवलं आणि मंडळाचा श्वास अडकला. दाजीबांना वाटलं, हे आपल्याकडे आलं की आपलं आयुष्य पूर्ण झालं. हे मिळालं की आपण थांबू. त्यांना ते मनापासून वाटलं. दर वेळी वाटायचं, तसं.

"लिलाव सोमवारी सकाळी. बोली चाळिसापासून," मोहनाबाईंनी सांगितलं.

दाजीबांनी घरी येऊन अंग चाचपलं. शेपूट रिकामी होती. पाठ रिकामी होती. बाजू रिकाम्या होत्या. डोक्यावर आणि मानेवर मिळून नऊ खवले होते.

"अप्पांचं ऐकलंत ना?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"ऐकलं. म्हणून तर उलटी विकायला निघाली."

द्वारकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याला एकट्याला बाहेर जाऊ दिलं नाही. दाजीबा पाणी आणायला निघाले की त्या पाठोपाठ निघत. वारूळ उकरायचं राहिलं तरी राही.

सोमवार उजाडला. ऊन वर आलं. दोघं किनाऱ्याच्या वाटेला लागली. दाजीबा पुढे, करवंटी घेऊन. त्यांच्या मनात चाळीस आकडा घुमत होता. द्वारकाबाई दहा पावलं मागे. वाट करवंदीच्या जाळीजवळून वळत होती आणि जाळीमागे बिबट्या बसला होता.

बिबट्याला प्रवाळातलं काही कळत नव्हतं. त्याला तुकड्यापेक्षा अख्खं आवडायचं.

तो समोर आला, तशी दाजीबांच्या हातातली करवंटी सुटली. त्यांनी पोटात डोकं खुपसलं आणि वेटोळं केलं. वेटोळं झालं चांगलं गोल. पण ते सोललेल्या भोपळ्यासारखं गुळगुळीत होतं. बिबट्या दोन पावलं मागे सरकला. त्याला हे काय आहे तेच कळेना. मग त्याने पंजाने हलकेच ढोसलं. पंजाला मऊ लागलं. बिबट्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

द्वारकाबाई मागे वळून बिळात जाऊ शकल्या असत्या. कुणी नावं ठेवली नसती. पण त्या धावत आल्या. खवले मांजर धावतं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून पटायचं नाही, पण त्या धावल्या. त्यांनी दाजीबांवर झेप घेतली, आपलं सगळं अंग त्यांच्याभोवती लपेटलं, शेपटीने वर पक्का वेढा घातला आणि डोकं आत ओढलं.

बिबट्याचा पंजा खाडकन खवल्यांवर आपटला. तो ओरडला. त्याने पुन्हा मारला. दातांनी धरून बघितलं. तो चेंडू उतारावरून थोडा ढकलून बघितला. द्वारकाबाईंचा एकही खवला हलला नाही. शेवटी बिबट्या धापा टाकत जाळीच्या सावलीत जाऊन बसला आणि पंजा चाटू लागला. पण तो गेला नाही. मऊ काय लागलं होतं, ते त्याला आठवत होतं.

वेढ्याच्या आत अंधार होता. ऊब होती. दाजीबा बायकोच्या पोटाशी चिकटून थरथरत होते.

"लागलं का हो कुठे?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"नाही गं."

"हलू नका. तो बसलाय अजून."

"तू आलीस," दाजीबा म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. "द्वारका, तू नसतीस तर आज मी उरलो नसतो गं."

"नसतेच उरलात. रडू नका आता. जाईल तो कंटाळून."

दाजीबांचं मन भरून आलं. बायकोबद्दल इतकं प्रेम त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी अंधारात हात वर नेला आणि वेढा घातलेल्या तिच्या शेपटीच्या खवल्यांवरून फिरवला. जाड होते. टणक होते. एकाच्या खाली दुसरा, दुसऱ्याच्या खाली तिसरा, कुठेही फट नाही. त्यांचा हात फिरत राहिला.

तेवढ्यात समुद्राकडून वारा आला. वाऱ्यावर गुहेतला आवाज आला. मोहनाबाईंचा आवाज लांबवर ऐकू जायचा.

"चाळीस! चाळिसाला कुणी आहे का? कुणीच नाही? मग अप्सरा मी परत ठेवून देते हं!"

दाजीबांचा हात थांबला.

मग तो पुन्हा फिरायला लागला. आता जरा हळू. एकेका खवल्यावर जरा वेळ थांबून.

"द्वारका," ते म्हणाले.

"काय हो?"

"सगळे नाही गं. एकतीसच कमी पडतायत."

बाहेर बिबट्या पंजा चाटत होता.

मग द्वारकाबाईंनी वेढा सोडला. उठल्या, अंगावरची माती झटकली आणि वारुळाच्या दिशेने, नेहमीच्या चालीने चालू लागल्या. बिबट्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तात्पर्य : छंद प्रत्येकाने अवश्य जोपासावा. मात्र त्यासाठी बायकोचे खवले मोजायची वेळ आली, तर ते मनातल्या मनात मोजावेत.